अंगठेबहाद्दर

रोज सकाळी पावणेनऊला, चहाचं आधण ठेवलं की ते उकळायच्या आत, ती आपली एक तक्रार पुन्हा उघडायची.

तक्रार तिची स्वतःची होती. क्रमांक चार हजार एकशे सहा. ज्या कंपनीत लोकांच्या तक्रारी सोडवायची नोकरी ती करत होती, त्याच कंपनीच्या तक्रारींच्या अ‍ॅपमध्ये तिने ती नोंदवली होती. मजकूर दोन शब्दांचा : लॅपटॉप हवा. दुपारपर्यंत तिच्यापुढे हिरवी खूण यायची आणि शेजारी शब्द उमटायचा, ‘सोडवली’. लॅपटॉप अर्थातच आलेला नसायचा. दुसऱ्या दिवशी आधण ठेवून ती पुन्हा ‘उघडा’वर अंगठा दाबायची, कारणाच्या चौकोनात लिहायची ‘सुटलेली नाही’, आणि मग चहापत्ती टाकायची. सात महिने हे चाललं होतं. तिकडे रोज बंद करणारा कंटाळत नव्हता, इकडे रोज उघडणारी हटत नव्हती.

कंपनीचं काम म्हणजे वेबसाइटना जागा देणं. भाड्याच्या खोल्यांसारखंच ते. इमारत कंपनीची, आतला संसार ग्राहकाचा. नळ गळला, दिवा गेला, दार अडकलं की ग्राहक ओरडणार आणि ते ओरडणं तिने ऐकायचं. ऐकायचं आणि दुरुस्तही करायचं. एकतीस सर्व्हर तिच्या ताब्यात होते. बारा वर्षांपूर्वी ती लागली तेव्हा ते सर्व्हर एका थंडगार खोलीत होते आणि ती स्वेटर घालून त्यांच्या मधून फिरायची. कुठल्या यंत्राचा पंखा कुरकुरतोय हे तिला पाठमोरी असतानाही कळायचं. पुढे यंत्रं लांब कुठेतरी गेली, ऑफिसचा मजलाही सोडला, आणि सगळ्यांना लॅपटॉप देऊन घरी बसवलं. त्यानंतर एक दिवस तेही तपासणीसाठी मागवले. आठ दिवसांत परत येतील असं सांगितलं होतं.

सांगणारा होता गोडबोल्या. आडनाव नव्हे, गुण. तिचा वरिष्ठ. त्याच्या तोंडून कधी वाकडा शब्द जात नसे. माणसाला खड्ड्यात ढकलतानाही तो “सांभाळून हं” म्हणाला असता.

“तोपर्यंत फोन आहेच ना?” तो म्हणाला होता. “अहो, आता सगळं जग मुठीत आलंय.”

“जग मुठीत आलंय साहेब, पण मूठ माझी आहे,” ती म्हणाली होती.

तो मनापासून हसला होता. आठवड्याच्या बैठकीत त्याने तो विनोद सगळ्यांना सांगितला, आणि वर स्वतःची भर घातली. “दोन अंगठ्यांवर एकतीस सर्व्हर चालवतात आपल्या बाई. अंगठेबहाद्दर!” सगळे हसले. कुणी कुणी वर केलेल्या अंगठ्यांची चित्रं पाठवली. त्या दिवसापासून ते नाव तिला चिकटलं.

तिच्या वडिलांना ते कळलं तेव्हा ते वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवत म्हणाले, “ज्याला सही करता येत नाही त्याला म्हणतात गं तसं.”

“माहीत आहे बाबा.”

“आणि तू ऐकून घेतलंस?”

बाबांनी छत्तीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले होते. एकेक शिशाचं अक्षर उचलून, उलटं वाचून, ओळीत बसवायचं. त्यांच्या घरात कुणाला अंगठेबहाद्दर म्हणणं म्हणजे सोनाराच्या घरात पितळेची जाहिरात करणं होतं. पण ऐकून घेतलं नसतं तर तिने काय केलं असतं? उत्तर लिहायलाही तिला तोच फोन होता.

फोनवर सर्व्हर चालवणं म्हणजे काय हे गोडबोल्याला कधी कळणार नव्हतं, कारण तो उंटावरून शेळ्या हाकत होता. सर्व्हरशी बोलायचं एक काळं अ‍ॅप असतं. त्यात हुकूम लिहायचा, सर्व्हर उत्तर देतो. लिहायला कीबोर्ड वर आणला की तो अर्धा पडदा खातो, आणि उत्तर नेमकं त्या खालच्या अर्ध्यात असतं. कीबोर्ड खाली लोटावा तर लिहायचं कशाने? अक्षरं मोहरीएवढी. बाई चाळिशी ओलांडलेल्या, चष्मा नाकावर, फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला. एका बाजूला ग्राहक लिहितोय, ‘माझी साइट बंद आहे, तुम्ही लोक झोपलात का?’ त्याला उत्तर द्यायला काळ्या अ‍ॅपमधून बाहेर यायचं. उत्तर देऊन परत जावं तर संपर्क तुटलेला. पुन्हा दार वाजवा, पुन्हा आत शिरा, मघाशी कुठे होतो ते आठवा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार दुसरा काय असतो?

तरी तिने आपली एक पद्धत बसवली होती. हुकूम आधी फोनच्या नोट्समध्ये लिहायचा. मग मोठ्याने वाचायचा. बाबा समोर बसून ऐकायचे. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण छापखान्यात प्रूफ असंच तपासायचे, एकाने वाचायचं, दुसऱ्याने कान द्यायचा. दोन-तीनदा त्यांनी चूक पकडलीही होती. “काल तू इथे तिरकी रेघ म्हणाली होतीस. आज म्हणाली नाहीस.” पाहावं तर खरंच रेघ राहिलेली असायची. वाचून झालं की ती मजकूर उचलायची, काळ्या अ‍ॅपमध्ये चिकटवायची, आणि पाठवायची. सात महिन्यांत एकही हुकूम चुकला नव्हता.

मग तो मंगळवार आला.

साडेअकराला शिवणबाईंचा फोन आला. या बाई वेबसाइटवरून शिवणकाम शिकवायच्या. बोलणं कात्रीसारखं. कंपनीत त्यांचा नंबर दिसला की बाकीचे लोक पाणी प्यायला उठायचे, म्हणून सगळ्या तक्रारी हिच्याकडेच यायच्या.

“अहो बाई, माझ्या बाह्या चढेनात!”

“कुठल्या बाह्या?”

“बाहीचा पंधरावा धडा. चढवतेय तर अर्ध्यात अडकतोय. घट्ट झालीय का तुमची साइट? माप कमी घेतलंत वाटतं!”

माप कमीच पडलं होतं. शिवणबाईंच्या खोलीत जागा उरली नव्हती, कारण ‘जुने’ नावाच्या एका फोल्डरमध्ये दोन वर्षांपूर्वीच्या निरुपयोगी प्रती साचल्या होत्या. ते पुसलं की जागा होणार होती. काम दोन मिनिटांचं.

“पाच मिनिटं द्या,” ती म्हणाली.

तिने नोट्समध्ये हुकूम लिहिला. शिवणबाईंच्या खोलीचं नाव लिहिताना कीबोर्डने वरच्या पट्टीत ते नाव सुचवलं. ते ती रोज लिहायची, त्याला पाठ झालं होतं. एरवी ती नाव पूर्ण लिहायची, आज तिने सुचवलेल्यावर अंगठा टेकला, पुढे तिरकी रेघ, पुढे ‘जुने’. मोठ्याने वाचलं. बाबांनी मान डोलावली. मजकूर उचलून काळ्या अ‍ॅपमध्ये चिकटवला, आणि पाठवण्याआधी एकदा डोळ्यांखालून घालावा म्हणून वर पाहिलं, तर पडद्याच्या वरच्या भागावर पट्टी उतरलेली. गोडबोल्याचा फोन. तिने पट्टी वर सारली. पुन्हा उतरली. पुन्हा सारली. तिसऱ्यांदा उतरली, आणि त्या पट्टीखाली तो हुकूम झाकलेला असतानाच तिने तो पाठवला.

जुना कचरा जायला क्षणही लागत नाही. या वेळी सर्व्हरने एक श्वास घ्यावा तेवढा वेळ घेतला. तेवढ्यावरून तिला कळलं. बारा वर्षं ज्यांच्या पंख्यांचे आवाज ऐकले, त्यांचा श्वास तिला कळणारच.

तिने पाहिलं. शिवणबाईंची खोली रिकामी होती.

फोन पुन्हा वाजला, तो तिने घेतला. “झालं का त्या शिवणवाल्या बाईंचं?” गोडबोल्या म्हणाला. “मघापासून लावतोय. मला फक्त एवढंच विचारायचं होतं.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंडातून शब्द निघाला तो एवढाच, “झालं.”

चूक एका मोकळ्या जागेची होती. सुचवलेलं नाव घेतलं की हा कीबोर्ड त्याच्यामागे आपल्या मनाने एक मोकळी जागा सोडतो. गप्पा लिहिणाऱ्यांची सोय. पण सर्व्हरला मोकळी जागा म्हणजे ‘आणि’. ‘शिवणच्या आतलं जुने पुसून टाक’ असं तिला म्हणायचं होतं. मधल्या त्या जागेमुळे सर्व्हरने ऐकलं, ‘शिवण पुसून टाक आणि जुनेही पुसून टाक’. त्याने आज्ञाधारकपणे पहिलं केलं. दुसरं त्याला सापडलं नाही.

तिने बाबांना ते दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून फोन नाकाशी धरला आणि बराच वेळ पाहिलं.

“मी ऐकलं होतं की,” ते म्हणाले. “बरोबर वाचलं होतंस.”

“वाचताना ती ऐकू येत नाही बाबा.”

ते हळूच खाली बसले. “आमच्याकडे मोकळी जागासुद्धा शिशाची असायची,” ते म्हणाले. “अक्षराएवढंच वजन तिला. ओळीत बसवताना बोटाला लागायची. न लागता आत शिरेल अशी जागा आम्ही कधी पाहिलीच नाही.” मग रागाने, कुणावर ते न कळून, म्हणाले, “कान दिला तो मी. मलाही लिही त्या चुकीत.”

शिवणबाईंचा फोन आलाच. “अहो बाई, बाह्याच काय, माझ्या कॉलरी गेल्या, खिसे गेले, काजं गेली! दुकान उघडायला जावं तर भिंतच नाही!”

“मला दुपारपर्यंत वेळ द्या. काय झालं ते मी स्वतः सांगते.”

बॅकअप होता, पण एकोणीस दिवसांपूर्वीचा. त्यानंतरचे निघालेच नव्हते, कारण बॅकअपची डिस्क भरली होती. तिने ते तीनदा कळवलं होतं आणि तीनही तक्रारींपुढे ‘सोडवली’ असं लिहिलेलं होतं. एकोणीस दिवसांत शिवणबाईंनी बाह्यांचे चौदा धडे चढवले होते.

एक वाजता गोडबोल्याचा पुन्हा फोन. त्याला कळलं होतं.

“शांत राहा,” तो म्हणाला.

“मी शांतच आहे.”

“चुका माणसाकडूनच होतात. मी तुम्हाला एक मजकूर पाठवलाय. तेवढा त्या बाईंना पाठवून द्या, विषय संपला.”

तिने मजकूर उघडला. ‘आपल्या खात्यातून आपल्याकडून अनवधानाने सर्व मजकूर पुसला गेल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे. यापुढे कृपया काळजी घ्यावी.’

तिने तो दोनदा वाचला. “त्यांनी कुठे पुसलंय? मी पुसलंय.”

“अहो, ते त्यांना काय कळतंय? शिवणकाम करणारी बाई.”

“सर्व्हरच्या नोंदीत माझं नाव आहे.”

“नोंदी आपल्याच आहेत की.”

“म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी? साहेब, मी सात महिने लॅपटॉप मागतेय. चार हजार एकशे सहा उघडून बघा.”

तिकडून थोडी खटखट ऐकू आली. “ती तर सोडवलेली आहे,” तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक पेला होता. तो भिंतीवर फेकावा असं तिला वाटलं. इतकं वाटलं की तिने हात पाठीमागे धरला. मग लक्षात आलं की फोन कानाशी आहे तो उजव्या हातात, आणि मागे धरलाय तो डावा. त्याचाच तिला जास्त राग आला. रागवायलासुद्धा दोन्ही हात मोकळे नव्हते.

“हे बघा,” गोडबोल्याचा आवाज लोण्यासारखा. “पाच वाजेपर्यंत तो मजकूर गेला तर काही झालंच नाही. नाही गेला तर मग चूक तुमची म्हणून नोंदवावी लागेल, आणि अशा चुकीनंतर सर्व्हर कुणाच्या हाती ठेवता येत नाहीत. मला वाईट वाटेल. बारा वर्षं आहात तुम्ही.”

“हाती म्हणू नका साहेब,” ती म्हणाली. “अंगठ्याशी म्हणा.” आणि तिने फोन ठेवला.

आधी तिने एकोणीस दिवसांपूर्वीची प्रत परत चढवायला घेतली. ते काम लॅपटॉपवर अर्ध्या तासाचं. तिला पावणेचार वाजले. फोन इतका तापला की तिने तो फडक्यात धरला. दर दहा मिनिटांनी पडदा झोपायचा आणि संपर्क तुटायचा, म्हणून बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले आणि तिने मान वळवली की पडद्यावर बोट टेकवत राहिले. “हे एवढं मला जमतंय,” ते म्हणाले. मधे एकदा ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. ती रडली नाही. कंपनीला शिव्या दिल्या, गोडबोल्याला दिल्या, त्या कीबोर्डला दिल्या, आणि शेवटची, सर्वांत घाणेरडी, स्वतःला दिली. झाकलेला हुकूम पाठवणारा अंगठा कुणा दुसऱ्याचा नव्हता. बाहेर आली तेव्हा बाबांनी फक्त विचारलं, “पाणी पुरलं का?”

चार वाजता तिने शिवणबाईंना फोन लावला.

“तुमचा मजकूर मी पुसला,” ती म्हणाली. “माझ्या हातून. तुमची काही चूक नाही. एकोणीस दिवसांपूर्वीपर्यंतचं सगळं परत आणलंय. त्यानंतरचे बाह्यांचे चौदा धडे आमच्याकडे नाहीत.”

पलीकडे शिवणयंत्र चालत होतं, ते थांबलं.

“तुम्ही? स्वतः?”

“हो.”

“असं कसं पुसता हो? डोळे बांधून बसता का कामाला?”

“जवळजवळ. फोनवरून करते. लॅपटॉप काढून घेतलाय.”

“मग नाही म्हणायचं! माझ्याकडे पोरी येतात ना शिकायला, मी त्यांच्या हाती बोथट कात्री देत नाही. कापड फाटतं. आणि बोथट कात्रीने कापणारीलाही मी ओरडते, आधी तिलाच ओरडते. कळलं का?”

“कळलं.”

“चौदा धडे! फोनवरचे पुसून टाकले मी, फोन भरला होता म्हणून. आता ती गोल बाही पुन्हा कापू? तीन वेळा बिघडली होती माझी.” त्यांचा श्वास ऐकू येत होता. “आणि मला माफ केलं असं समजू नका हं.”

“नाही समजत. एक विचारू? तुमच्या विद्यार्थिनींपैकी कुणी धडे उतरवून ठेवले असतील. मला त्यांची यादी द्या. मी विचारते एकेकीला.”

“तुम्हीच विचारणार? कंपनी?”

“कंपनी पाच वाजेपर्यंतच आहे.”

शिवणबाईंना ते आधी समजलं नाही. समजलं तेव्हा त्या म्हणाल्या, “कुणी लावलं हे पाच वाजेपर्यंतचं? त्याचा नंबर द्या मला.” तिने तो आनंदाने दिला. त्या दिवसातला तेवढाच आनंद.

मग तिने शिवणबाईंच्या तक्रारीत घडलेलं सगळं लिहिलं. कुठला हुकूम, कुठली मोकळी जागा, कुठला फोन आला होता, बॅकअप का नव्हता, आणि गोडबोल्याने कुठला मजकूर पाठवायला सांगितला तेही. लिहायला चाळीस मिनिटं लागली, कारण मोठं लिहायचं होतं आणि अंगठे दुखत होते. बाबांना वाचून दाखवलं. या वेळी त्यांनी फोन स्वतःच्या हातात घेतला आणि डोळ्यांनी पुन्हा तपासलं, ओळीवर नख ठेवून. “पाठव,” ते म्हणाले. पाचला सात मिनिटं कमी असताना ते गेलं. पाच वाजून दहा मिनिटांनी अ‍ॅपने तिला बाहेर काढलं. गोडबोल्याने शेवटचा निरोप पाठवला, ‘तुमच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ तिने फोन उशीवर फेकला. भिंतीवर फेकता आला असता, पण यादीतल्या बायकांना फोन करायचे होते.

पुढचे आठ दिवस तिने तेच केलं. चौदापैकी नऊ बाह्या सापडल्या. कुणाकडे दोन, कुणाकडे एक, एकीने तर धडा बघून बाही शिवली होती पण धडा ठेवला नव्हता. तिने बाहीचाच फोटो पाठवला. पाच धडे गेले ते गेलेच, गोल बाहीसकट. गोल बाहीचा शिवणबाईंनी पुन्हा केला. म्हणाल्या, “आधीपेक्षा वाईट झालाय.” खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

नवव्या दिवशी दुपारी ती बाबांच्या शर्टाचं बटण लावत होती तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला.

“ताई, तुम्ही मला ओळखत नाही,” पलीकडे एक बाई होती, आवाजावरून तिच्याच वयाची. “तुमच्या जागी मी आलेय. तुमचा नंबर त्या शिवणकामवाल्या बाईंनी दिला. आधी खूप बोलल्या, मग दिला.”

“बोला.”

“सर्व्हर पासवर्ड घेत नाहीये हो. तीनदा टाकला. चौथ्यांदा चुकला तर कुलूप लागेल म्हणतोय. ग्राहक ओरडतायत. साहेबांना विचारलं तर ते म्हणतात, शांत राहा.”

तिने सुई कापडात टोचून ठेवली. “कशावरून टाकताय?”

“फोनवरून. लॅपटॉप तपासणीला गेलाय म्हणे. आठ दिवसांत येईल.”

तिचे कान तापले. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. सात महिन्यांच्या शिव्या तिच्या जिभेवर रांगेत उभ्या होत्या. या बाईला सांगावं, आत्ताच्या आत्ता सोडून दे. सांगावं, त्यांना लिही, ओरड, दार आपट. नाहीतर फोनच ठेवावा आणि लागू द्यावं कुलूप, एकतिसांच्या एकतीस सर्व्हरना. कळू दे एकदा. पलीकडे त्या बाईच्या मागे कुकरची शिट्टी झाली आणि ती कुणाला तरी दबक्या आवाजात म्हणाली, “गॅस बंद कर गं, मी फोनवर आहे.” मग परत घाईने, “ताई, आहात ना?”

तिने अर्धवट बटणाचा शर्ट बाजूला ठेवला.

“पहिलं अक्षर बघा. फोनने आपोआप मोठं केलं असेल. ते लहान करा आणि परत टाका.”